सत्काराच्या आधीची दीड वर्षं

प्रति,
गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करणाऱ्या सोलापुरातील सर्व समाजसंस्था, ज्ञातिमंडळे, उत्सव मंडळे आणि त्यांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल आता मे महिन्यातच लागतो. २०२५ साली तो ५ तारखेला लागला, दहावीचा १३ तारखेला. तिथून पुढे दीड-दोन महिने आपल्या गावात सत्कारांचा मोसम असतो. भवानी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या कार्यालयात रविवारी गुणवंत जमलेले असतात. चौकात डिजिटल लागतं. त्यावर वर नेत्यांचे फोटो, खाली पदाधिकाऱ्यांचे, आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात मुलामुलींचे, आयकार्डाच्या आकाराचे. आत भाषणं होतात. कलेक्टर व्हा, डॉक्टर व्हा, समाजाचं नाव काढा. मग ट्रॉफी, गुलाबाचं फूल, वह्यांचा संच आणि चहा-पोहे.

हे मी कुचेष्टेनं लिहीत नाही. विडी वळणाऱ्या बाईला आपल्या मुलीचं नाव माईकवरून ऐकायला मिळतं, तिच्यासाठी ते मोठंच असतं. सत्कार जरूर करा. माझं मागणं आहे ते त्याच्या आधीच्या दीड वर्षाबद्दल आणि नंतरच्या दोन महिन्यांबद्दल. त्या काळात मुलीजवळ कुणीच नसतं.

मी बँकेत नोकरी करते. आमचा काही जणींचा गट आहे. एक नर्स आहे, एक निवृत्त शिक्षिका, एक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी इंजिनिअर. प्रत्येकीकडे दोन-तीन मुली. मुलगी अकरावीत हाती घ्यायची आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत सोडायची नाही, एवढाच आमचा नेम. शिकवणी आम्ही घेत नाही, आणि फिजिक्स तर माझ्याच्यानं आता होणारही नाही. आमच्याकडे असतात फॉर्म, कागद, तारखा, फीचा हिशोब, घरच्यांशी बोलणं, आणि मुलगी घाबरून रात्री दहाला फोन करते तेव्हा तो उचलणं.

हे काम कुठे अडतं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे का आले ते कळेल.

नेट कॅफेतला फॉर्म तुम्ही कधी जवळून पाहिलाय का? बारावी सायन्सची एक मुलगी. सीईटीला पर्सेंटाइल चांगलं. इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म भरायला वडिलांसोबत कॅफेत गेली. बाहेर रांग, कॅफेवाल्याला घाई. त्यानं नोंदणी करताना मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, कारण वडिलांच्या फोनला रेंज नव्हती आणि ओटीपी लगेच हवा होता. पासवर्डही त्याचाच. मग कॉलेजांचे पर्याय भरायची वेळ आली. मुलीला वाटलं, ही नुसती यादी आहे, आवडीचं नंतर सांगायचं. कॅफेवाल्याला जी नावं माहीत होती ती त्यानं वरपासून टाकत नेली. पहिलं नाव परगावच्या एका कॉलेजचं, जिथं तिचा मार्क सहज लागत होता. पहिल्या फेरीत तेच लागलं. आता नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की तीच घ्यायची. नाही घेतली तर कॅपच्या पुढच्या फेऱ्या बंद. त्या कॉलेजच्या होस्टेलचा आणि मेसचा खर्च घराला झेपणारा नव्हता. त्या वर्षी ती इथंच बीएस्सीला बसली. बीएस्सीत वाईट काही नाही, पण ती तिनं निवडली नव्हती. जूनमध्ये तिला ट्रॉफी मिळाली होती. टीव्हीच्या वर ठेवलेली मी पाहिली आहे.

त्या कॅफेवाल्याला मी दोष देत नाही. पन्नास रुपयांत तो आणखी काय करणार? त्या खुर्चीशेजारी नियम वाचलेलं एक माणूस बसलेलं असतं, तर सगळं अर्ध्या तासाचं काम होतं. आणि आता हे फक्त बारावीनंतरचं राहिलेलं नाही. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. तिथंही दहापर्यंत पसंती, आणि तिथंही पहिली पसंती लागली की बांधली गेलीच. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं हा खेळ दोनदा खेळायचा.

‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ ही बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल. काही मंडळांनी अभिनंदनाचे डिजिटलही लावले होते. शासन निर्णय ८ जुलै २०२४चा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. बाकीच्या मागास प्रवर्गांच्या योजना आधीपासून आहेतच. निर्णय चांगला आहे, आमच्या कितीतरी मुली त्याच्यावर शिकताहेत. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. कॅपचा फॉर्म चुकला, मग कुणीतरी सुचवलं म्हणून व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की माफी गेली. होस्टेल, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान हे सगळं माफीच्या बाहेर. आणि माफी हवी तर कागद हवेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर, जातीचा दाखला, आणि सगळ्यांत वर जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळं गाव नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतं.

व्हॅलिडिटीपाशी आम्ही हात टेकतो. आणि नेमकं तिथंच तुमचं काम आहे.

ओबीसीच्या मुलीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे वडिलांच्या कागदावर भागत नाही, आजोबांपर्यंत, काही वेळा पणजोबांपर्यंत जावं लागतं. आता आपल्या पूर्व भागातलं कुठलंही घर घ्या. आजोबा मागाच्या कामाला तेलंगणातून आलेले. शाळेत गेले की नाही, कुणाला माहीत नाही. गेले असतील तर कुठल्या गावात, हेही नाही. आजी सांगते तेवढाच इतिहास. कागद सापडलाच तर आडनावाचा घोळ. आजोबांच्या दाखल्यावर ‘बत्तूल’, वडिलांच्या ‘बत्तुल’, मुलीच्या ‘बत्तल’. ही तीन माणसं एकाच रक्ताची हे जात पडताळणी समितीपुढं सिद्ध करायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कधी तहसीलमधल्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल. हे जूनमध्ये सुरू केलं तर ऑगस्टपर्यंत होत नाही. सेतूत त्या दिवसांत उभं राहायला जागा नसते. सायन्सच्या मुलींना कॉलेजच्या पत्रावर अकरावी-बारावीतच अर्ज करता येतो, आणि तो तेव्हाच करायला हवा. बारावीच्या दिवाळीला ज्या घरात हा अर्ज गेलेला नसतो, त्या घराबद्दल मला जानेवारीपासून झोप लागत नाही.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर पुढचं काम पुष्कळ सोपं होतं. पण चुलत चुलत्यांपैकी कुणाची झालीय, तो कुठे राहतो, त्याच्याशी बोलचाल आहे की नाही, हे मला बँकेतल्या बाईला कसं कळणार? तुम्हाला कळतं. तुमच्या वधू-वर सूचीत तुम्ही मूळ गाव छापता, मामाचं आडनाव छापता, उंची, रंग, रास, नाडी सगळं छापता. त्यात ‘घरात कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का’ एवढी एक ओळ घाला. तुमच्याकडची ऐंशीतली माणसं, जी दर रविवारी कार्यालयाच्या ओट्यावर बसून कोण कुठल्या गावाहून कधी आलं ते घडाघडा सांगतात, त्यांच्यापुढं एक वही आणि एक कॉलेजची मुलगी बसवा. ते बोलतील, ती लिहून घेईल. कितीतरी घरांचे आजोबा तिथं सापडतील.

दुसरं काम भाषेचं. माझं मराठी विडी घरकुलातल्या आजीपर्यंत पोचत नाही आणि तिचं तेलुगू माझ्यापर्यंत. मुलगी मधे बसून दोन्हीकडचं सांगते, आणि साहजिकच तिला अडचणीचं तेवढं गाळते. हेच शास्त्री नगरात उर्दूचं, हेच विजापूर रोडच्या काही वस्त्यांत कानडीचं. तुमच्यातली एखादी सून, जी पोस्टात किंवा एलआयसीत आहे, ती त्याच आजीशी तिच्या भाषेत बोलली, तर मी तीन वेळा जाऊन जे होत नाही ते एका चहात होतं.

घरची माणसं मुलीला अडवतात असं सरसकट बोललं जातं. मला तसा अनुभव कमी आहे. एक आई मला म्हणाली, “मॅडम, ही पुण्याला जायली तर पान कोण कापायचं?” तिचं बोलणं ऐकून मागासलेपणाची आठवण यायचं काही कारण नाही. तो रोकडा हिशोब होता. हजार विड्यांवर मजुरी. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, मग तंबाखू, मग वळणं, मग दोरा. पान कापायचं काम संध्याकाळी मुलीकडं असतं. तिचे दोन हात गेले की आईच्या हजार विड्या सातशेवर येतात. हे नुकसान डोक्यात ठेवूनच त्या घरात बोलायला बसावं लागतं. प्रेरणादायी गोष्टी सांगून तिथं काही उपयोग होत नाही. त्या आईपुढं मी विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मांडली. पदवीला वर्षाला ६,००० रुपये, व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. लागतं ते कामगाराचं ओळखपत्र, जे तिच्याकडं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत गुंडाळून ठेवलेलं. दवाखान्याशिवाय त्याचा आणखी काही उपयोग असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पंचवीस हजार भागिले बारा, हे गणित तिनं माझ्या आधी केलं.

लग्नाच्या विषयावर मी वाद घालत नाही. मे महिन्यात स्थळं येतात, ती येणारच. एवढं मात्र पाहिलंय की घरात कॉलेजच्या प्रवेशाची पावती आली की स्थळ आपोआप पुढच्या वर्षावर जातं. म्हणून आमचा सगळा जोर पावतीवर.

गावाकडच्या मुलींची आणखी एक अडचण आहे, ती शहरात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मंद्रूपहून किंवा वैरागहून येणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट असतो. बारावी संपली की तो संपतो. पुढं सवलत आहे, पण पैसे लागतात, आणि घरच्यांना वाटतं कॉलेजनं खर्च वाढवला. हे आधी माहीत असलं तर निदान जूनमध्ये भांडण होत नाही.

कधी कधी तर काम अगदीच किरकोळ असतं. एका मुलीनं सीईटीच्या सराव परीक्षेत वीसेक प्रश्न कोरेच सोडले होते. का, तर चुकलं की मार्क कापतात. ते मेडिकलच्या ‘नीट’मध्ये. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन्ही परीक्षांची तयारी एकाच क्लासमध्ये चाललेली, त्यात हे कुणी वेगळं करून सांगितलंच नव्हतं. गणिताचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा असतो हेही तिला माहीत नव्हतं, ती तयारीत तिन्ही विषयांना सारखाच वेळ देत होती. दहा मिनिटं लागली हे सांगायला.

तर मला तुमच्याकडून माणसं हवी आहेत. पैसे नकोत, निदान आधी नकोत. तुमच्या महिला आघाडीकडं हळदीकुंकू आणि पाककला स्पर्धांच्या पलीकडं जाऊ शकणाऱ्या किती बायका आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बीकॉम होऊन घरी बसलेल्या आहेत, महापालिकेत आहेत, शाळांत आहेत, निवृत्त आहेत. त्यांना फार काही यावं लागत नाही. शासनाचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय हवी, आणि फेरीची यादी लागते त्या दिवशी फोन बंद ठेवायचा नाही एवढी अट. आणि तुमच्यातल्याच, इंजिनिअरिंगच्या किंवा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरी द्या. बारावीच्या मुलीला माझ्यापेक्षा त्यांचं जास्त पटतं. होस्टेलची खोली कशी असते, रॅगिंग होतं का, पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे ती मला विचारत नाही, तिला विचारते.

एक विनंती या बायकांना आधीच करून ठेवते. आलेल्या मुलींकडं सून म्हणून बघणं बंद. हसू नका. आमच्याकडं हे झालेलं आहे. मुलगी कटऑफ विचारायला आली आणि तिला तिची जन्मवेळ विचारली गेली.

बाकी नियम साधे आहेत. मुलीला एकटीला कुणाच्या घरी बोलवायचं नाही, हॉलमध्येच बसायचं आणि दार उघडं ठेवायचं. एका वेळी दोन बायका हव्यात. आईचा किंवा वडिलांचा नंबर वहीत हवा. मोबाइल नंबर, ईमेल आणि पासवर्ड मुलीचाच, तो तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवायचा. आणि फोटो नाहीत. ना ग्रुपवर, ना डिजिटलवर. गरीब घरची म्हणून तिचा फोटो चौकात लागला की वर्गात तिला तोंड दाखवायची चोरी होते.

इंजिनिअरिंग, मेडिकलवरच सगळं जाऊ नये एवढंही पाहा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, हा रस्ता ज्या घराला लवकर कमाई हवी त्याला जास्त सोयीचा पडतो, पण तो दहावीतच सुचवायला लागतो. बीकॉम करून बँकेच्या परीक्षा देणारी मुलगी सत्काराच्या यादीत कधी दिसत नाही. मी स्वतः तीच आहे, म्हणून सांगते.

‘मुली कुठल्या समाजाच्या घ्यायच्या’ हा प्रश्न तुमच्या बैठकीत निघणार, हे मला माहीत आहे. माझं मत असं आहे. आजोबांचा कागद शोधायचं काम ज्याच्या त्याच्या समाजातच होतं, ते तुम्ही तुमच्यापुरतं करा, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण रविवारी फॉर्म भरायला हॉल उघडाल तेव्हा गल्लीतली जी मुलगी येईल तिला आत घ्या. १२ जानेवारीला आपण चार हुतात्म्यांना हार घालतो ना? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एका ओळीत ज्या गावात सहज उच्चारली जातात, त्या गावात सीईटीच्या फॉर्मसाठी दारावर जात विचारणं बरं दिसणार नाही.

वेळापत्रक तुमच्या सोयीनंच ठेवू. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की अकरावीच्या मुलींच्या कागदांना सुरुवात, कारण मार्चअखेरपर्यंत सेतूत जरा श्वास घ्यायला जागा असते. बोर्डाच्या परीक्षेत महिनाभर सुट्टी. निकालानंतर प्रवेश संपेपर्यंत दर रविवारी. लग्नाची तिथी असेल आणि हॉल दिलेला असेल, तर गच्ची चालेल, ऑफिसची खोलीही चालेल. एक टेबल, चार खुर्च्या, वायफाय आणि झेरॉक्सचं मशीन, ते तुमच्याकडं पत्रिकांसाठी असतंच. ट्रॉफ्यांच्या खर्चातून थोडे वाचले तर त्यातून मुलींच्या प्रतिज्ञापत्रांचा खर्च भागवा.

पुढच्या कार्यकारिणीत हा विषय घ्या. ठराव, अनुमोदन, इतिवृत्त यांत दोन महिने घालवू नका. ठरावाची प्रतही मला नको. रविवारी सकाळी अकराला किल्ली कुणाकडं मिळेल, तेवढं कळवा.

आपली,
अकरावी-बारावीच्या मुलींसोबत काम करणारी एक सोलापूरकर